वेष्टनाचा जमाखर्च

प्लास्टिकचा एखादा डबा किंवा बाटली उलटी करून तिचा तळ पाहिला, तर एकमेकांच्या मागे धावणाऱ्या तीन बाणांचा लहानसा त्रिकोण आणि त्याच्या पोटात १ ते ७ पैकी एक अंक आढळतो. ही वस्तू वापरून झाली की कारखान्यात परत जाईल आणि तिच्यापासून पुन्हा तशीच नवी वस्तू तयार होईल, असे आश्वासन हा त्रिकोण देतो, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते. वस्तुतः त्या चिन्हात असे कोणतेही आश्वासन नाही. अमेरिकेतील प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने १९८८ मध्ये ही अंकपद्धती सुरू केली, ती केवळ वस्तू कोणत्या जातीच्या प्लास्टिकची आहे हे ओळखता यावे म्हणून. १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचे पेट, २ म्हणजे शाम्पूच्या व तेलाच्या जाड डब्यांचे उच्च घनतेचे पॉलिएथिलीन, ३ म्हणजे पीव्हीसी, ४ म्हणजे पातळ पिशव्यांचे कमी घनतेचे पॉलिएथिलीन, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, आणि ७ म्हणजे ‘इतर’, अर्थात ज्यांना कोणत्याही रकान्यात जागा मिळाली नाही असे सारे. बाणांमुळे होणारा गैरसमज इतका पसरला की २०१३ मध्ये त्या पद्धतीच्या मानकातून बाण काढून त्यांच्या जागी साधा भरीव त्रिकोण आणला गेला. तथापि जुने साचे आणि जुन्या सवयी सहजी बदलत नाहीत. बाण आजही सर्रास दिसतात. बँकेच्या पासबुकावर खात्याचा प्रकार छापलेला असतो, त्यावरून खात्यात शिल्लक किती हे कळत नाही. या त्रिकोणाचेही तसेच आहे.

ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवणारी, दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवणारी कुटुंबे आपल्या वाचकवर्गात पुष्कळ आहेत. एवढी काळजी घेऊनही गावाबाहेरील डेपोत प्लास्टिकचे ढीग वाढतच का जातात, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर नागरिकांची बेफिकिरी किंवा पालिकेची दिरंगाई एवढ्यावर भागवणे सोपे असले, तरी ते अपुरे आहे. सगळ्यांनी आपापले काम चोख केले, तरीही प्लास्टिकच्या वेष्टनांचा मोठा हिस्सा पुन्हा वापरात येऊ शकत नाही. त्याची कारणे त्या वेष्टनाच्या घडणीतच आहेत, आणि ती समजून घेण्यासाठी रसायनशास्त्राइतकेच हिशेबाचे ज्ञान उपयोगी पडते.

आधी एकूण चित्र पाहू. १९५० पासून २०१५ पर्यंत जगात सुमारे ८३० कोटी टन प्लास्टिक तयार झाले, आणि त्या काळात निर्माण झालेल्या प्लास्टिक कचऱ्यापैकी अवघ्या ९ टक्क्यांचा पुनर्वापर झाला, असा अंदाज २०१७ मध्ये अमेरिकी संशोधकांच्या एका बहुचर्चित शोधनिबंधात मांडला गेला. त्यातील दुसरी बाब मात्र क्वचितच सांगितली जाते. त्या ९ टक्क्यांपैकी एकापेक्षा अधिक वेळा पुनर्वापर झालेला माल केवळ दहावा हिस्सा होता. म्हणजे बाणांचे वर्तुळ फिरते असे म्हणावे, तर ते बहुतांशी एकदाच फिरते आणि थांबते. या साऱ्यात वेष्टनांचा वाटा सर्वांत मोठा. खुर्ची दहा वर्षे वापरात राहते, नळ तीस वर्षे. वेष्टन मात्र ज्या वर्षी जन्मते बहुधा त्याच वर्षी कचऱ्यात जाते.

आपल्याकडे पुनर्वापराची जी पद्धत प्रामुख्याने चालते तिला यांत्रिक पुनर्चक्रीकरण म्हणतात. तिचे टप्पे ऐकायला साधे आहेत. माल गोळा करायचा, जातवार निवडायचा, यंत्रात दळून त्याचा चुरा करायचा, तो धुवायचा, वाळवायचा, वितळवायचा, बारीक जाळीतून गाळायचा आणि त्याचे दाणे पाडायचे. तो दाणा साच्याच्या कारखान्यात जातो आणि त्याची बादली, पाइप किंवा धागा होतो. या साऱ्या प्रवासात प्लास्टिकचा रेणू तोच राहतो. फक्त त्याचा आकार बदलतो. म्हणूनच ही पद्धत स्वस्त आहे, आणि म्हणूनच तिच्या मर्यादाही कडक आहेत. मालात जे काही मिसळलेले असेल, ते वितळल्यानंतरही त्यातच राहते.

‘प्लास्टिक’ हा शब्द आपण लोखंड किंवा काच या शब्दांसारखा एकाच पदार्थाचे नाव म्हणून वापरतो, तेथेच पहिली गफलत होते. तो ‘धातू’ या शब्दासारखा समूहवाचक आहे. पॉलिएथिलीन साधारण ११० ते १३० अंश सेल्सिअसला वितळते, पॉलिप्रॉपिलीन १६५ च्या आसपास, तर पेटला अडीचशेच्या वर तापवावे लागते. बरे, एकत्र तापवून सारे वितळले तरी ते एकजीव होत नाहीत. पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन दिसायला, हाताला जवळजवळ सारखे, दोन्हींचा जन्म एकाच कच्च्या तेलातून. परंतु वितळलेल्या अवस्थेतही ते तेल-पाण्यासारखे आपापले थेंब धरून राहतात. थंड झाल्यावर अशा मिश्रणाची वस्तू दोहोंच्या सांध्यावर तडकते. भंगाराच्या मालापासून केलेली स्वस्त बादली पहिल्या उन्हाळ्यातच कडीपाशी तुटते, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

जाती वेगळ्या करण्यासाठी पाण्याचा उपयोग फार जुना आणि फार हुशारीचा आहे. पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलके, ते तरंगतात. पेट जड, ते बुडते. बाटलीचे झाकण बाटलीहून वेगळ्या जातीचे असते, ते निष्काळजीपणाने नव्हे. दळलेला चुरा हौदात टाकला की झाकणाचे तुकडे वर येतात आणि बाटलीचे तुकडे तळाशी बसतात. परंतु पीव्हीसीही बुडते, आणि त्याची घनता पेटच्या इतकी जवळची की पाण्याला त्यांच्यातला फरक कळत नाही. पेट वितळवण्याच्या तापमानाला पीव्हीसी विघटित होऊन त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते, आणि ते आम्ल पेटच्या रेणूंच्या साखळ्या तोडत सुटते. एका टनामागे शंभर ग्रॅम पीव्हीसी शिरले, तरी सारा माल पिवळा आणि ठिसूळ होऊ शकतो. बाटलीभोवती आकसून बसवलेले रंगीत आवरण एखाद्या उत्पादकाने पीव्हीसीचे निवडले, तर त्याच्या विक्री विभागाला कदाचित चार पैसे वाचतात. त्याचा भुर्दंड शेकडो किलोमीटरवरच्या, त्याला ठाऊकही नसलेल्या धुलाई कारखान्यावर पडतो.

युरोपातील कारखान्यांत ही निवड अवरक्त किरणांची यंत्रे करतात. पट्ट्यावरून धावणाऱ्या प्रत्येक तुकड्याची जात ती क्षणार्धात ओळखतात. मात्र काजळीने रंगवलेला काळा डबा त्यांना दिसतच नाही, कारण काजळी ते किरण गिळून टाकते. उपाहारगृहातून जेवण पार्सल येते ते काळे डबे या यंत्रांपुढे अदृश्य असतात. आपल्याकडे बहुतांश निवड आजही माणसांच्या बोटांनी होते. मुंबईत धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये आणि राज्यातल्या लहानमोठ्या भंगार बाजारांत वर्षानुवर्षे हे काम करणारे स्त्री-पुरुष तुकडा बोटांत चुरगाळून त्याच्या आवाजावरून, वाकवून तुटण्याच्या पद्धतीवरून जात सांगतात. शंका आली तर तुकड्याचे टोक पेटवून वास घेतात. मेणबत्तीसारखा वास आला तर पॉलिएथिलीन, नाकाला झोंबणारा आम्लाचा भपका आला तर पीव्हीसी. ही कला आहे यात शंका नाही. परंतु तो भपका दिवसातून किती वेळा कुणाच्या छातीत जातो, याची नोंद कोणत्याही ताळेबंदात नसते. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, आणि पुढे २००८ मध्ये तिच्यातून उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेशी महापालिकेने दारोदार कचरा संकलनाचा करार केला. तेव्हा कुठे हे काम करणाऱ्या भगिनींना उकिरड्याऐवजी घराच्या उंबऱ्यावर माल मिळू लागला. माल उंबऱ्यावर मिळण्याला नुसते प्रतिष्ठेचे मूल्य नाही. उंबऱ्यावरची बाटली कोरडी असते. उकिरड्यावरची भाजीच्या पाण्यात भिजलेली असते, आणि दोहोंच्या भावात फरक पडतो.

आपल्या वाचकांत सराफी व्यवसायातील मंडळी आहेत, म्हणून त्यांच्या परिचयाचे उदाहरण देतो. मोडीत आलेल्या दागिन्यात सोन्याबरोबर तांबे असते, चांदी असते, डाख असतो. भट्टी आणि आम्ल यांच्या साह्याने त्यातून शुद्ध सोने काढता येते, आणि तसे करणे परवडते, कारण शुद्धीकरणाचा खर्च सोन्याच्या किमतीपुढे किरकोळ असतो. प्लास्टिकचे मिश्रणही तत्त्वतः वेगळे करता येते. योग्य विद्रावक वापरले तर एकेक थर विरघळवून काढता येतो, आणि प्रयोगशाळांतून ते झालेलेही आहे. परंतु जी वस्तू किलोच्या भावाने जेमतेम दोन किंवा तीन अंकी रुपयांत विकली जाते, तिच्यावर असा खर्च कोण करणार? मिसळण्याचा खर्च उत्पादकाला फारसा येत नाही. वेगळे करण्याचा खर्च अफाट असतो, आणि तो कुणाच्या खाती टाकायचा हे ठरलेले नसते. या संपूर्ण विषयाची गाठ, माझ्या मते, येथे आहे.

मिसळण्याची परिसीमा पाहायची असेल तर फरसाणाचे पाकीट हाती घ्यावे. बाहेरचा थर बहुधा पॉलिएस्टरचा, म्हणजे पेटचाच पातळ पापुद्रा. त्यावर छपाई चांगली उठते. मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा दिलेला दुसरा पापुद्रा, हवा, ओल आणि प्रकाश रोखण्यासाठी. हा मुलामा केसाच्या जाडीच्या सुमारे हजाराव्या हिश्श्याइतकाच असतो. आतला थर पॉलिएथिलीनचा, उष्णतेने चिकटून पाकीट बंद व्हावे म्हणून. थरांच्या मध्ये गोंद, आणि शाईसुद्धा दोन थरांच्या मध्ये दडलेली, म्हणजे ती पुसली जाऊ नये. हे सारे मिळून पन्नास-साठ मायक्रॉनच्या आसपास. अभियांत्रिकी म्हणून ही अप्रतिम वस्तू आहे, हे मान्य केले पाहिजे. दोन-तीन ग्रॅमचे पाकीट महिनोन्महिने शेव कुरकुरीत ठेवते, तेल खवट होऊ देत नाही, आणि काचेच्या बरणीच्या तुलनेत वाहतुकीचा इंधनखर्च कितीतरी वाचवते. वाया न गेलेल्या अन्नाचाही हिशेब मांडायला हवा. प्लास्टिकविरोधी भाषणांत तो सहसा मांडला जात नाही. परंतु पुनर्चक्रीकरणाच्या दृष्टीने या पाकिटाला भविष्य नाही. थर हाताने सुटत नाहीत, शाई पाण्याने निघत नाही, आणि सगळे एकत्र वितळवले तर मळकट हिरवट-करड्या रंगाचा, बुडबुड्यांनी भरलेला दाणा मिळतो.

त्यातही वजनाचा प्रश्न आहेच. एक लिटर पाण्याची बाटली साधारण वीस-पंचवीस ग्रॅम भरते. म्हणजे किलोभर मालासाठी कचरावेचक भगिनीला चाळीस-पन्नास वेळा वाकावे लागते. तीन ग्रॅमच्या पाकिटांचा किलो करायचा तर तीनशेहून अधिक वेळा, आणि शाम्पूच्या एक ग्रॅमच्या पुडीचा करायचा तर हजार वेळा. एवढे करून भंगाराच्या दुकानात त्या किलोला घेणारा मिळत नाही. ती पाकिटे रस्त्यावर राहतात आणि बाटल्या राहत नाहीत, याचे उत्तर या साध्या गुणाकारात आहे. आपल्या देशात पेटच्या बाटल्या फार मोठ्या प्रमाणावर परत येतात, ते कुणाच्या उपदेशामुळे नव्हे. त्या एका जातीच्या आहेत, पारदर्शक आहेत, सहज ओळखू येतात आणि त्यांना भाव आहे.

बँकेच्या सेवेत असताना औद्योगिक वसाहतीजवळच्या एका शाखेत काही वर्षे काढली. तेथे प्लास्टिकचा दाणा तयार करणाऱ्या लघुउद्योगांची कर्जप्रकरणे नियमित येत. साखर कारखान्याप्रमाणे या धंद्यातही ‘उतारा’ हा परवलीचा शब्द. शंभर किलो भंगार आत घेतले की दाणा किती किलो मिळेल? प्रस्तावात लिहिलेला आकडा आणि प्रत्यक्ष उतारा यांत तफावत पडे, आणि ती कुठे जाते हे गोदामात उभे राहिले की कळे. भंगाराचे वजन होते तेव्हा त्यात पाणी असते, माती असते, कागदी लेबले, गोंद, तळाशी उरलेले तेल, औषधाचा ठिपूस असतो. हे सारे प्लास्टिकच्या भावाने विकत घेतलेले असते, आणि ते धुऊन काढण्यासाठी कॉस्टिक सोडा, गरम पाणी, वीज आणि सांडपाणी शुद्धीकरण यांवर पुन्हा खर्च करावा लागतो. तरीही धुण्याने सर्व जात नाही. मसाल्याचा, तेलाचा वास प्लास्टिकच्या आत मुरतो, आणि तो पुढच्या वस्तूपर्यंत सोबत करतो.

त्यातील एका खातेदाराचे उदाहरण लक्षात राहण्यासारखे आहे. पहिल्या पिढीतील उद्योजक, हिशेबाला चोख. शेतीच्या पाइपांसाठी काळा दाणा तयार करीत. जुलै २००८ मध्ये कच्च्या तेलाने पिंपामागे १४७ डॉलरचा उच्चांक गाठला तेव्हा नव्या प्लास्टिकचा भाव गगनाला भिडला, साहजिकच पुनर्चक्रित दाण्याला मागणी आली, आणि त्यांनी चढ्या भावाने भंगाराचा मोठा साठा केला. डिसेंबरात तेल ४० डॉलरच्या खाली आले. नवा दाणा इतका स्वस्त झाला की पाइपवाले जुन्याकडे ढुंकून पाहीनात. कॅश क्रेडिट खात्यात साठ्याच्या किमतीवर पैसे उचलता येतात. साठा तोच, पण त्याची किंमत उतरल्यामुळे उचल मर्यादा आक्रसली. मजुरी आणि विजेचे बिल तर थांबत नाही. खाते तगले, पुनर्रचनेने आणि त्यांच्या चिकाटीने. पण त्यानंतर त्यांनी घरगुती कचऱ्यातील माल घेणे कायमचे बंद केले. आसपासच्या कारखान्यांतील कातरण, सदोष नग, साच्याचे उरलेले तुकडे एवढाच माल ते घेऊ लागले. तो स्वच्छ, एकजात, ओळखीचा. त्याचा उतारा खात्रीचा. धंदा म्हणून निर्णय अचूकच होता. परंतु ‘पुनर्चक्रित प्लास्टिक’ हा शिक्का पाहून ग्राहकाच्या डोळ्यांपुढे येतो तो घराघरांतील कचरा, आणि प्रत्यक्षात त्या दाण्यात पुष्कळदा असते ती कारखान्याची कातरण, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तेलाच्या भावाचा तोच फेरा २०१४ नंतर आणि पुन्हा २०२० च्या टाळेबंदीत आला. नव्या प्लास्टिकची किंमत तेल ठरवते. जुन्याची किंमत मजुरी, वीज आणि पाणी ठरवतात, पण त्याला विकावे लागते ते नव्याच्या सावलीत.

माल स्वच्छ आणि एकजात मिळाला तरी आणखी एक घट होतेच, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. प्लास्टिकचे बळ त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्यांत असते. प्रत्येक वेळी वितळवताना उष्णता, प्राणवायू आणि यंत्राचा दाब यांमुळे त्या तुटतात. पेटचे वैर तर ओलाव्याशी. चुऱ्यात नाममात्र दमटपणा राहिला तरी वितळताना पाणी साखळ्या चिरते. म्हणून तो काही तास गरम हवेत कोरडा करावा लागतो. साखळी आखूड झाली की त्याची बाटली फुगवता येत नाही, धागा मात्र काढता येतो. त्यामुळे बहुतांश बाटल्यांचे पुढे सतरंजी, उशीतील कापूस, खेळाडूंचे सदरे होतात. जाहिरातीत हा सदरा अभिमानाने मिरवतो. तो जुना झाल्यावर कापूस, रंग आणि इलॅस्टिक यांच्यासह पुन्हा बाटलीकडे परतण्याची वाट जवळपास नसते. अल्युमिनियमचा डबा वितळवून पुन्हा डबा करता येतो, काचेची बाटली पुन्हा बाटली होते. प्लास्टिक बहुधा एक पायरी खाली उतरते. पेटच्या साखळ्या निर्वात उष्णतेत पुन्हा लांब करण्याचे तंत्र आहे आणि त्यातून बाटली ते बाटली असा प्रवास शक्य होतो, परंतु ती यंत्रसामग्री भांडवलखाऊ आहे; वसाहतीतल्या लघुउद्योगाच्या आवाक्यातली नव्हे.

आता कायद्याकडे. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या वेष्टनविषयक नियमांत पुनर्चक्रित प्लास्टिक अन्नासाठी वापरण्यास मनाई होती, आणि ती निष्कारण नव्हती. ज्या डब्यात काल कीटकनाशक होते त्याचा दाणा आज दह्याच्या कपात नको. अलीकडे कठोर अटींवर पेटपुरते दार उघडले आहे. दुसरीकडे फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीची मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांच्या मूळ वेळापत्रकानुसार टणक वेष्टनांत २०२५-२६ मध्ये ३० टक्के आणि २०२८-२९ पर्यंत ६० टक्के पुनर्चक्रित अंश अपेक्षित आहे. लवचिक वेष्टनांत तो १० वरून २० टक्के, आणि अ‍ॅल्युमिनियमसारखा अन्य थर असलेल्या वेष्टनांत ५ वरून १० टक्के. या उतरत्या भाजणीतूनच शासनाने कोणत्या वेष्टनाची किती आशा धरली आहे ते वाचता येते.

उत्पादकाने स्वतः माल परत आणावा किंवा पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडून प्रमाणपत्र विकत घ्यावे, अशी ही व्यवस्था आहे. प्रमाणपत्र म्हटले की बँकेतील माणसाचे कान टवकारतात. २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत सुमारे ६ लाख बोगस प्रमाणपत्रे उघडकीस आली. ज्यांनी साठ्याचे फुगवलेले तक्ते आणि मालाशिवाय फिरणारी बिले पाहिली आहेत, त्यांना याचे नवल वाटणार नाही. मालाची प्रत्यक्ष मोजणी कागदाच्या वेगाने होत नसेल, तर कागद पुढे धावणारच. यात प्रामाणिक कारखानदार भरडला जातो, कारण खोटे प्रमाणपत्र नेहमीच खऱ्यापेक्षा स्वस्त पडते. शिवाय ऑक्टोबर २०२१ मध्ये प्लास्टिक भंगारावरील वस्तू व सेवा कर ५ वरून १८ टक्के करण्यात आला. कचरावेचक आणि गल्लीतला भंगारवाला करनोंदणी केलेले नसतात. साखळीत पुढे पहिले पक्के बिल फाडणाऱ्यावर तो भार एकदम येतो, आणि बिलाशिवाय व्यवहार करण्याचा मोह वाढतो. जो उद्योग समाजाचा कचरा उचलतो, त्याच्या कच्च्या मालावर हा दर लावण्यामागील तर्क मला तरी उमगलेला नाही.

ज्यांचे काहीच होऊ शकत नाही ती पाकिटे सिमेंटच्या भट्टीत जाळतात किंवा डांबराबरोबर रस्त्यात घालतात. मदुराईचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांचे प्लास्टिक रस्त्यांचे तंत्र प्रसिद्धच आहे आणि त्यासाठी त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. उघड्यावर जाळण्यापेक्षा हे शतपटींनी बरे. मात्र त्याला विल्हेवाट म्हणावे. पुनर्चक्रीकरणाच्या खात्यात त्याची जमा दाखवू नये.

ज्या देशांनी हा हिशेब थोडाफार जुळवला, त्यांनी सुरुवात कचऱ्यापासून केली नाही. जपानच्या बाटली उद्योगाने २००१ मध्ये आपणहून रंगीत पेट बाटल्या बंद केल्या. हिरवी बाटली पारदर्शक मालात मिसळली की साऱ्या मालाचा भाव पडतो, एवढे साधे कारण. जर्मनीत एकदा वापरायच्या बाटलीवर २५ सेंटची अनामत असते आणि ती रिकामी बाटली दुकानातील यंत्रात टाकली की परत मिळते, त्यामुळे ती कचऱ्यात जातच नाही. आपल्या राज्याच्या २०१८ च्या प्लास्टिकबंदी अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर किमान ५० पैसे परतावा छापण्याची तरतूद होती. कल्पना तीच, पण आपल्या दूधवाल्याने एकदा तरी पन्नास पैसे परत दिल्याचे कुणाला आठवते का?

दुधाची पिशवी हे खरे तर वेष्टनाचे उत्तम उदाहरण आहे. तिलाही थर असतात, परंतु सारे पॉलिएथिलीनचेच. म्हणून ती वितळवून चांगला दाणा होतो. तिचे दोन शत्रू. एक, आत राहिलेले दूध, जे आंबते. दुसरा, कात्रीने कापून वेगळा पडलेला कोपरा. तो नखाएवढा तुकडा कुणीही वेचत नाही. तो गटारात जातो. कोपरा पूर्ण तोडू नये, पिशवी धुऊन उलटी वाळवावी, एवढे घरी करता येते. ‘विघटनशील’ असे छापलेल्या पिशव्या मात्र या गठ्ठ्यात घालू नयेत. त्या दिसायला तशाच असल्या तरी जात वेगळी. गठ्ठ्यात शिरल्या तर चांगला मालही बिघडवतात.

घरी यापलीकडे फारसे हाती नाही. दुकानात आणि कारखान्यात मात्र आहे. आपल्या समाजात फरसाण, मसाले, सुका मेवा, औषधे यांचा व्यापार करणारी कुटुंबे पुष्कळ आहेत आणि पाकिटाचा प्रकार ठरवणे त्यांच्याच हाती असते. सर्व थर पॉलिएथिलीनचे किंवा सर्व पॉलिप्रॉपिलीनचे असलेले पाकीट आता बाजारात मिळते. ते काहीसे महाग पडते, भरण्याच्या यंत्राचे तापमान नव्याने बसवावे लागते, आणि सहा महिने टिकवायच्या मालाला ते पुरे पडेलच असे नाही. परंतु ज्या गावात माल तयार होतो त्याच गावात तो दोन-तीन आठवड्यांत खपत असेल, तर निर्यातीच्या दर्जाचा त्रिस्तरी अ‍ॅल्युमिनियमचा कवच कशासाठी, हा प्रश्न व्यापारी म्हणूनही विचारण्यासारखा आहे. त्या कवचाचे पैसे आपणच मोजत असतो. पुढील रोलची मागणी नोंदवताना पुरवठादाराला एवढे विचारून पाहावे: थर कोणत्या जातींचे आहेत, आपल्या मालाला खरोखर किती दिवसांचे संरक्षण हवे, आणि हेच पाकीट एका जातीत करून दिले तर दर हजारी किती फरक पडेल. तो फरक लेखी घ्यावा. काही व्यापारी मित्रांना मी हे सुचवले, तेव्हा त्यांतील बहुतेकांनी सांगितले की पुरवठादाराला आजवर हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.